दुभाषी आणि अनुवादक : दोन संस्कृतींमधील मध्यस्थीचे स्वरूप

भाषांतराविषयीची चर्चा बहुधा मूळ संहिता आणि भाषांतरित संहिता यांच्या तुलनेपुरती मर्यादित राहते. मुळात काय होते, भाषांतरात त्यातील किती उतरले आणि किती निसटले, असा तो हिशेब असतो. हा हिशेब आवश्यक आहे; परंतु तो पुरेसा नाही. दोन भाषांच्या मध्ये जो मनुष्य उभा असतो, त्याच्या हाती केवळ शब्द नसतात. दोन समाजांच्या रूढी, श्रद्धा, शिष्टाचार आणि परस्परांविषयीचे संशय हेही त्याच्याच हातून इकडून तिकडे जात असतात. त्याने निवडलेल्या शब्दावर एखाद्या तहाचे कलम ठरते, एखाद्या धर्ममताचे स्वागत किंवा उपहास ठरतो. म्हणून भाषांतराचा विचार हा शेवटी मध्यस्थीचा विचार आहे.

या मध्यस्थीचे स्वरूप सोळाव्या व सतराव्या शतकांतील तीन प्रसंगांच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तिन्ही प्रसंगांचा भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी संबंध आहे. पहिला प्रसंग गोव्यात शिकून जपानला परत गेलेल्या एका दुभाष्याचा, दुसरा गोव्यातील सासष्टी महालात रचल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’चा आणि तिसरा १६७४ साली रायगडावर आलेल्या इंग्रज वकिलातीच्या दुभाष्याचा आहे. काळ, स्थळ आणि हेतू भिन्न असूनही या तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न उभा राहतो : परक्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे, की त्याचे परकेपण राखून सांगावे?

१. संज्ञाविचार

मराठीत या व्यवहाराला एक नाव नाही, अनेक नावे आहेत. आणि प्रत्येक नावात त्या व्यवहाराचे एक वेगळे अंग सूचित झाले आहे. ‘भाषांतर’ म्हणजे दुसरी भाषा. येथे भर फरकावर आहे. ‘तर्जुमा’ हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे आला. त्याच धातूपासून झालेला ‘तर्जुमान’ हा शब्द दुभाष्याचा वाचक असून, तुर्की दरबारातील दुभाष्यांना युरोपीय लोक ज्या नावाने ओळखत तो ‘ड्रॅगोमन’ हा शब्दही त्याचेच रूपांतर होय. ‘अनुवाद’ ही संज्ञा सर्वांत जुनी. तिचा मूळ अर्थ ‘मागाहून बोलणे’, म्हणजे आधी सांगितलेले पुन्हा सांगणे, असा आहे. न्यायसूत्रांत अनुवाद आणि निव्वळ पुनरुक्ती यांत भेद केला आहे : पुनरुक्ती निष्प्रयोजन असते, अनुवाद सप्रयोजन असतो. ही संज्ञा दोन भाषांमधील व्यवहाराला लावली जाऊ लागली ती बरीच नंतर. तथापि प्रयोजनाचा तिच्यातील जुना आग्रह आजही उपयोगी पडण्यासारखा आहे. कोणासाठी आणि कशासाठी पुन्हा सांगावयाचे, हे ठरल्यावाचून काय सांगावयाचे हे ठरत नाही.

लेखी भाषांतर करणारा आणि तोंडी भाषांतर करणारा यांत इतिहासाने मोठा भेद केला आहे. तोंडी मध्यस्थी करणाऱ्याला मराठीत ‘दुभाषी’ किंवा ‘दुभाष्या’ म्हणतात. चोलमंडल किनाऱ्यावर हाच शब्द ‘दुबाश’ या रूपाने प्रचारात आला आणि तेथे त्याचा अर्थ विस्तारला. दुबाश हा दुभाषी तर होताच, शिवाय तो दलाल, सल्लागार आणि व्यापारी प्रतिनिधीही होता. पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर द्यूप्लेक्स याचा दुबाश आनंदरंग पिळ्ळै (१७०९–१७६१) याने तमिळमध्ये लिहिलेली विस्तृत रोजनिशी त्या काळाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन मानली जाते. गोव्यात पोर्तुगीजांच्या पदरी जो सरकारी दुभाषी असे त्याला ‘लिंग्वा’, म्हणजे शब्दशः ‘जीभ’, असे म्हणत. मराठेशाहीत फारसी पत्रे वाचणारा व लिहिणारा तो ‘पारसनीस’. पुढे ते आडनावच झाले.

या नावांचा एकत्र विचार केला असता एक गोष्ट स्पष्ट होते. ‘जीभ’ या शब्दात दुभाष्याकडे पाहण्याची मालकाची दृष्टी आहे : तो एक अवयव आहे, त्याला स्वतःचे मत नाही. ‘दुबाश’ या शब्दाच्या विस्तारलेल्या अर्थात प्रत्यक्ष वस्तुस्थिती आहे : ज्याला दोन्ही बाजूंचे कळते तो केवळ जीभ राहूच शकत नाही. अपेक्षा आणि वस्तुस्थिती यांमधील हे अंतर पुढील तिन्ही प्रसंगांत दिसून येते.

२. परिचित शब्दाचा धोका : आन्जिरो आणि ‘दाइनिची’

जेझुइट धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर याची १५४७ च्या अखेरीस मलाक्का येथे आन्जिरो नावाच्या जपानी गृहस्थाशी भेट झाली. आन्जिरो हा दक्षिण जपानातील सात्सुमा प्रांताचा. हातून मनुष्यवध घडल्यामुळे तो देश सोडून निघालेला होता. १५४८ मध्ये तो गोव्यास आला, तेथील सेंट पॉल महाविद्यालयात राहून पोर्तुगीज शिकला, आणि ख्रिस्ती होऊन त्याने पावलु द सांता फे हे नाव धारण केले. १५ ऑगस्ट १५४९ रोजी झेवियर कागोशिमा बंदरात उतरला तेव्हा त्याच्या मंडळीत आन्जिरो होता. झेवियरला जपानी येत नव्हते. त्यामुळे ख्रिस्ती मताचे जे काही जपानी श्रोत्यांपर्यंत पोहोचले ते आन्जिरोच्या शब्दांत पोहोचले.

ईश्वरासाठी कोणता शब्द योजावा, हा पहिलाच प्रश्न होता. आन्जिरोने ‘दाइनिची’ हा शब्द सुचविला. त्याच्या दृष्टीने ही निवड स्वाभाविक होती, कारण विश्वाच्या मुळाशी असलेल्या परमतत्त्वाचे हे नाव त्याच्या परिचयाचे होते. परंतु दाइनिची म्हणजे शिंगोन पंथाचा महावैरोचन बुद्ध. संस्कृतात जन्मलेले, चीनमार्गे जपानला पोहोचलेले ते एका विशिष्ट बौद्ध दर्शनातील नाव होते. आन्जिरो हा बौद्ध ग्रंथांचा अभ्यासक नव्हता. या शब्दामागील दर्शनाची त्याला पुरेशी कल्पना नसावी.

परिणाम असा झाला की, शिंगोन भिक्षूंनी या नव्या उपदेशकांचे स्वागत केले. हे लोक आपल्याच तत्त्वाचा उपदेश करीत आहेत, अशी त्यांची समजूत झाली. शिवाय हे उपदेशक गोव्याहून, म्हणजे जपान्यांच्या भाषेत ‘तेन्जिकु’हून, अर्थात बुद्धाच्या भूमीहून आलेले होते, त्यामुळे ही समजूत अधिकच दृढ झाली. १५५१ मध्ये यामागुची येथे झेवियरने स्वतः भिक्षूंना प्रश्न विचारून दाइनिचीचे स्वरूप समजून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला चूक उमगली. त्याने तो शब्द टाकून दिला आणि लॅटिन ‘देउस’ हाच शब्द जपानी उच्चाराने वापरण्यास प्रारंभ केला. विरोधकांनी ‘देउसु’चे ‘दाइ उसो’, म्हणजे ‘मोठे असत्य’, असे करून त्याची टवाळी केली. १५५५ च्या सुमारास बाल्ताझार गागो या जेझुइटाने पन्नासांहून अधिक बौद्ध संज्ञा धोकादायक ठरवून त्यांच्या जागी पोर्तुगीज व लॅटिन शब्द आणले.

गैरसमज मात्र शब्द बदलल्याने लगेच संपला नाही. १५५२ मध्ये यामागुचीच्या ओउची घराण्याच्या अधिपतीने धर्मप्रसारकांना मंदिरासाठी जागा देणारे जे आज्ञापत्र दिले, त्यात ते पश्चिमेकडून बुद्धाच्या धर्माचा प्रसार करण्यासाठी आलेले आहेत, असेच म्हटले होते.

या प्रसंगाचा दोष आन्जिरोच्या माथी मारणे सोपे आहे आणि तसे केलेही जाते. परंतु अधिक बारकाईने पाहिल्यास दोष एकट्या दुभाष्याचा नाही, तो व्यवस्थेचा आहे. ज्याला समोरच्याची भाषा येत नाही त्याला दुभाष्याची परीक्षा करता येत नाही. एक मनुष्य व्यवहारातील दोन भाषा उत्तम बोलतो, एवढ्यावरून दोन्हींकडील दर्शनशास्त्रे त्याला अवगत आहेत, असे गृहीत धरले गेले. भाषेचे ज्ञान आणि विषयाचे ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा येथे पहिल्यांदा मिळाला असे नव्हे; पण तो येथे फार महागात पडला. शिवाय या प्रसंगातून एक तत्त्वही हाती लागते. परिचित शब्द हा रिकामे भांडे नसतो. त्यात आधीचा अर्थ भरलेला असतो, आणि नवा अर्थ ओतला तरी श्रोता आपल्या ओळखीचा तेवढाच उचलतो.

३. परिचित रूपाचा आधार : ‘ख्रिस्तपुराण’

ज्या गोव्यातून आन्जिरो जपानला गेला, त्याच गोव्यात तीस वर्षांनंतर हाच प्रश्न मराठीच्या संदर्भात उभा राहिला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे बहुतेक आयुष्य सासष्टीत गेले. येथील भाषा त्याने केवळ बोलण्यापुरती आत्मसात केली नाही. कोंकणीचे पहिले मुद्रित व्याकरण त्याच्या नावावर आहे. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. ‘ख्रिस्तपुराण’ मात्र त्याच्या हयातीत, १६१६ साली राशोल येथे छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ दोन भागांत आहे. पहिल्या भागात जुन्या करारातील आणि दुसऱ्यात नव्या करारातील कथा आहेत.

ग्रंथाची पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यावाचून त्याचे महत्त्व कळणार नाही. १५६० नंतरच्या दशकात सासष्टीतील देवळे पाडली गेली. धर्मांतरित लोकांना त्यांचे पूर्वीचे ग्रंथ वाचण्या-ऐकण्याची बंदी झाली. पुराणश्रवण हा ज्यांच्या जीवनक्रमाचा भाग होता, त्यांच्या वाट्याला एक पोकळी आली. स्टीफन्सच्या ग्रंथात या पोकळीचा उल्लेख आहे. प्रारंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून विनंती करतो की, पूर्वीची पुराणे मना केली, तर त्यांच्यासारखे दुसरे काही आमच्यासाठी का करीत नाही? समग्र ग्रंथ हे त्या प्रश्नाचे उत्तर होय. मध्यस्थीचा उगम येथे ऐकणाऱ्याच्या मागणीत दाखविलेला आहे, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. अर्थात ती मागणी ज्या सक्तीतून निर्माण झाली, ती सक्ती करणारी सत्ता आणि ग्रंथ रचणारा धर्मप्रसारक हे एकाच पक्षाचे होते. ज्ञानदेव, एकनाथांच्या परंपरेतील ओवीशी नाते जोडणारा ग्रंथ त्या परंपरेच्या श्रवणावर बंदी असलेल्या प्रदेशात जन्मावा, यातील विसंगती झाकण्याचे कारण नाही.

स्टीफन्सने केलेली निवड आन्जिरोच्या निवडीहून सूक्ष्म आहे. त्याने प्रथम रूप घेतले : पुराणाचे नाव, ओवीचा छंद, श्रोता-वक्ता संवादाची बैठक. शब्दांच्या बाबतीत मात्र त्याने दोन वर्ग पाडलेले दिसतात. देव, स्वामी, भक्ती, मुक्ती, वैकुंठ असे शब्द त्याने निःसंकोचपणे स्वीकारले. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणताना विष्णुलोकाचा जुना संबंध त्याला अडचणीचा वाटला नाही. पवित्र आत्मा, क्रूस यांसारख्या ज्या संकल्पना ख्रिस्ती सिद्धांताच्या गाभ्याशी आहेत, त्यांच्यासाठी त्याने पोर्तुगीज-लॅटिन शब्द स्थानिक उच्चाराच्या वळणाने ठेवले. म्हणजे श्रोत्याला वाट ओळखीची वाटावी, पण वाटेच्या शेवटी जे आहे ते नवीन आहे हे कळावे, अशी ही योजना होती. जपानमध्ये जो धडा चुकून मिळाला, तो येथे रचनेच्या मुळाशी आहे.

ही सीमारेषा कोठे ओढावी याविषयी एकच उत्तर नव्हते, याचा पुरावा ग्रंथाच्या पाठभेदांत आहे. मुद्रित ग्रंथ रोमन लिपीत होता. स्थानिक लिपीत छपाई व्हावी, असे स्टीफन्सच्या मनात होते आणि १६०८ मधील एका पत्रात त्याने तसे लिहिलेही होते; परंतु या लिपीतील अक्षरे जोडाक्षरांसह मोजली तर सुमारे ६०० साचे पाडावे लागतात, ही अडचण त्यानेच नमूद केली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित अभ्यासकांच्या नजरेस आले. रोमन पाठातील पोर्तुगीज आणि कोंकणी शब्दांच्या ठिकाणी या हस्तलिखितात अनेकदा संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. एकच ग्रंथ, दोन लिप्या आणि मध्यस्थीचे दोन निर्णय. मूळ पाठ कोणता हा संहितासंशोधनाचा प्रश्न आहे. सांस्कृतिक मध्यस्थीच्या दृष्टीने दोन्ही पाठ सारखेच बोलके आहेत. वाचक बदलला की परकेपणाचे प्रमाणही बदलते, हे त्यांवरून दिसते.

ग्रंथाच्या पुढील वाटचालीने या निवडीची एक कसोटी पुरविली. गोव्यातून तो मंगळूरच्या ख्रिस्ती समाजात गेला आणि तेथे दीर्घ काळ वाचला-गायला गेला. १९०७ ची मुद्रित आवृत्तीही मंगळूरचीच. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली आणि ग्रंथ मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या कक्षेत आला. ज्या समाजासाठी तो रचला गेला त्याच्या तोंडी तो राहिला, आणि ज्या वाङ्मयपरंपरेचे रूप त्याने उसने घेतले तिनेही त्याला आपल्यात स्थान दिले. भाषांतराला याहून मोठे यश मिळत नाही.

४. दुभाषी प्रत्यक्ष व्यवहारात : रायगड, १६७४

धर्मप्रसाराच्या क्षेत्रातून राजकारणाच्या क्षेत्रात आले की मध्यस्थीचे स्वरूप बदलते. ग्रंथकर्त्याला शब्द निवडण्यास अवधी असतो. दुभाष्याला तो नसतो. मात्र त्याला समोरच्याचा चेहरा दिसतो, ही त्याची जमेची बाजू होय.

१६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची इंग्रज वखार लुटली. त्या नुकसानीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती यांसाठी इंग्रजांच्या मुंबईहून रायगडाकडे अनेक खेपा झाल्या. या व्यवहारात कंपनीच्या बाजूने नारायण शेणवी या दुभाष्याचे नाव वारंवार येते. ४ एप्रिल १६७४ रोजी त्याने रायगडाहून मुंबईस पाठविलेले पत्र उपलब्ध आहे. महाराजांच्या पत्नीच्या निधनामुळे दरबारात शोक होता, म्हणून त्याला भेटीसाठी थांबावे लागले, असे त्यावरून कळते. राज्याभिषेकाच्या तयारीची वार्ताही त्याच्या पत्राने मुंबईस पोहोचली. थांबणे हा अनादर नव्हे, तो रिवाज आहे, हे मुंबईच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना समजेल अशा रीतीने कळविणे हेही भाषांतरच होते. त्यात मूळ वाक्य मात्र कोणीच उच्चारलेले नव्हते.

त्यानंतर हेन्री ऑक्झिंडन याच्या नेतृत्वाखालील वकिलात मे महिन्यात रायगडास गेली. नारायण शेणवी तिच्यासोबत होता. मराठ्यांच्या बाजूने निराजीपंत यांनी इंग्रजांचा परामर्श घेतला. येथे एका दुभाष्यासमोर दुसरा मध्यस्थ आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीशी सलोखा करण्याचा विषय इंग्रजांच्या मनात होता. तो लावून धरू नये, असे निराजीपंतांनी सुचविले. काय बोलावे यापेक्षा काय बोलू नये हे सांगणारा मनुष्य दोन्ही पक्षांच्या हिताचा असतो. यशस्वी वाटाघाटींचा पुष्कळसा भाग अशा न उच्चारलेल्या वाक्यांचा बनलेला असतो.

इंग्रजांनी मांडलेल्या वीस कलमांपैकी अठरा मान्य झाली. राजापूरच्या नुकसानीबद्दल दहा हजार होन, राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथे वखारी आणि अडीच टक्के जकात, या त्यांतील प्रमुख गोष्टी होत. जी दोन कलमे अडली, ती या लेखाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहेत. पहिले कलम कंपनीचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे, असे होते. त्यावर उत्तर मिळाले की, असे कलम हवेच कशाला? नाणे वजनास व कसास उतरले तर लोक ते घेतील. आमची मनाई नाही. दुसरे कलम फुटलेल्या जहाजांविषयी होते. किनाऱ्याला लागलेले इंग्रजांचे जहाज व माल त्यांना परत मिळावा, ही मागणी होती. त्यावर, असा माल राजाचा हा कोकण किनाऱ्यावरचा जुना रिवाज आहे आणि एकाला सूट दिली तर फ्रेंच, डचही ती मागतील, असे सांगण्यात आले.

या दोन नकारांत भाषेची अडचण नव्हती. शब्द दोन्ही पक्षांना समजले होते. अडचण होती ती शब्दांमागील व्यवस्थांची. नाणे राजाज्ञेने चालते, ही एक कल्पना. ते धातूच्या मोलाने चालते, ही दुसरी. फुटलेल्या जहाजावर मूळ मालकाचा हक्क, ही एक कल्पना. किनारा ज्याचा त्याचा हक्क, ही दुसरी. येथे कुशल दुभाषी अधिक चांगला प्रतिशब्द देऊ शकला नसता. त्याचे काम मतभेदाचे खरे स्थान दाखवून देणे एवढेच होते. मध्यस्थी म्हणजे प्रत्येक वेळी एकमत नव्हे. मतभेद कोठे आहे याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होणे, हेही मध्यस्थीचे फळ असते.

६ जून १६७४ रोजीच्या राज्याभिषेक समारंभाचे जे वर्णन ऑक्झिंडनने लिहून ठेवले, त्यात भाषेवाचूनच्या मध्यस्थीचा एक क्षण आहे. नजराण्यासाठी आणलेली हिऱ्याची अंगठी नारायण शेणवी याने हातात उंच धरली. ती पाहून महाराजांनी इंग्रजांना सिंहासनाच्या पायरीपर्यंत जवळ बोलाविले आणि त्यांना वस्त्रे दिली. गर्दीत शब्द ऐकू जाणार नाही, तेव्हा काय दाखवावे हे त्या दुभाष्याला ठाऊक होते. वस्त्रे देण्याचा अर्थ मात्र दोन्हींकडे एकच होता असे म्हणता येणार नाही. या देशातील दरबारी परंपरेत वस्त्रांचा स्वीकार हा देणाऱ्याचे श्रेष्ठत्व मान्य करण्याचा प्रकार होता. व्यापारी कंपनीच्या दृष्टीने ती सन्मानाची भेट होती. दोघांनीही आपापला अर्थ घेतला आणि समारंभ पार पडला. काही वेळा दुभाष्याचे मौनही उपयोगी पडते, ते असे.

त्याच वर्णनात सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस भाल्यांच्या टोकांवर लावलेल्या राजचिन्हांचा उल्लेख आहे : मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या आणि सोन्याचा तराजू. यांपैकी तराजूचा अर्थ त्याने न्यायाचे चिन्ह असा नेमका दिला आहे, कारण युरोपातही तराजूचा हाच अर्थ रूढ होता. मत्स्यमुखांविषयी मात्र आकार व धातू यांपलीकडे त्याचे वर्णन जात नाही. ही चिन्हे मुसलमानी रीतीची आहेत, एवढेच तो सांगतो. मोगल परंपरेतील ‘माहीमरातब’ या सन्मानाशी त्यांचा असलेला संबंध आणि नव्या हिंदू राजाने ती चिन्हे धारण करण्यातील आशय त्याच्या लेखणीत उतरला नाही. प्रवासी जे आपल्या घरी पाहिलेले असते ते परमुलखात चटकन ओळखतो. उरलेले तो केवळ पाहतो. त्याला अर्थ सांगणारा कोणी शेजारी उभा असेल तरच पाहण्याचे समजणे होते.

५. मध्यस्थीचे नियमन आणि मध्यस्थीला नकार

राज्यसंस्थेचे लक्ष या व्यवहाराकडे जाणे अपरिहार्य होते. राज्याभिषेकानंतरच्या काळात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश दहा वर्गांत विभागलेला आहे. परकीय शब्द काढून टाकण्याचा प्रयत्न म्हणून त्याची नेहमी प्रशंसा होते. ती योग्यच आहे. परंतु तो कोश आहे, म्हणजे त्यात दोन्ही शब्द शेजारी शेजारी उभे आहेत, ही गोष्ट दुर्लक्षिली जाते. जुना शब्द कळल्यावाचून नवा शब्द रुजत नाही, हे त्याच्या रचनेतच मान्य केले आहे. लोकव्यवहाराने आपला निर्णय स्वतंत्रपणे घेतला : मुजुमदाराचा ‘अमात्य’ झाला, सुरनिसाचा ‘सचिव’ झाला, पण किल्ला, फौज, हवालदार हे शब्द मराठीत राहिले ते राहिलेच.

याच्या अगदी उलट उदाहरण त्याच किनाऱ्यावर अवघ्या काही वर्षांत घडले. २७ जून १६८४ रोजी गोव्याचा व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने हुकूम काढून स्थानिक भाषेचा वापर सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्यास लोकांना बजावले. ज्या संस्थेच्या एका सभासदाने याच भाषांसाठी व्याकरण रचले, पुराण रचले, तिच्याच राज्यात सत्तर वर्षांच्या आत हा हुकूम निघावा, हे विचार करण्यासारखे आहे. सर्वांनी आपली भाषा बोलावी म्हणजे दुभाष्याची गरजच उरणार नाही, हे सत्तेला पडणारे जुने स्वप्न आहे. प्रत्यक्षात भाषा नष्ट झाली नाही. ती घरात, शेतात, बाजारात राहिली. तिचा लेखी व्यवहार मात्र खुंटला, आणि कचेरीत व न्यायालयात तिचा भाषक परक्याच्या दयेवर सोडला गेला. १८५८ मध्ये कुन्य रिव्हार या पोर्तुगीज विद्वानाने कोंकणी भाषेविषयीचा ऐतिहासिक निबंध प्रसिद्ध करून या भाषेची बाजू मांडली, तोपर्यंत पावणेदोनशे वर्षे लोटली होती. मध्यस्थी नाकारल्याने दोन भाषा एक होत नाहीत. फक्त दुबळ्याचे म्हणणे ऐकू येईनासे होते.

६. उपसंहार

वरील विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, मध्यस्थाचा कोणताही शब्द तटस्थ नसतो. परिचित शब्द जुना अर्थ घेऊन येतो आणि परका शब्द मुका राहतो. म्हणून परिचित रूप व परका गाभा यांचे प्रमाण दर वेळी श्रोता पाहून ठरवावे लागते. दुसरी, भाषाज्ञान हे मध्यस्थीचे आवश्यक अंग आहे, पुरेसे अंग नव्हे. धर्म, कायदा, वैद्यक यांपैकी ज्या क्षेत्रात बोलणे चालले आहे त्याचेही ज्ञान मध्यस्थास हवे. तिसरी, मध्यस्थाने मतभेद लपविता कामा नये. तो नेमका कोठे आहे हे दाखविणे त्याच्या कर्तव्यात येते. चौथी, इतिहासाने यशाचे श्रेय मुख्य व्यक्तीला आणि अपयशाचा ठपका दुभाष्याला दिला आहे. दाइनिचीचा दोष आन्जिरोचा म्हणून सांगितला जातो. १६७४ चा तह मात्र ऑक्झिंडनचा म्हणून ओळखला जातो, नारायण शेणव्याचा नव्हे.

राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत बावीस भाषा असलेल्या देशात हा केवळ इतिहासाचा विषय नाही. साहित्याच्या अनुवादाची थोडीफार व्यवस्था लागली आहे. साहित्य अकादमी १९५४ पासून भारतीय भाषांतील परस्पर अनुवादांना उत्तेजन देत आली आहे आणि १९८९ पासून अनुवादासाठी स्वतंत्र पुरस्कारही देते. तोंडी मध्यस्थीची स्थिती अशी नाही. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत भर न्यायालयात सांगितली जावी, अशी तरतूद आपल्या फौजदारी प्रक्रियेत आहे. परंतु सांगणारा कोण, त्याची पात्रता कोणती, त्याने सांगितलेले बरोबर आहे हे कोण पाहणार, हे प्रश्न कायद्याच्या एका वाक्याने सुटत नाहीत. परमुलखात कामासाठी गेलेला मजूर रुग्णालयात आपले दुखणे सांगतो तेव्हा जवळ असलेला कोणीही त्याचा दुभाषी होतो. झेवियर ज्या अंधारात आन्जिरोवर विसंबला, त्याच अंधारात तो रुग्ण आणि त्याचा वैद्य दोघेही असतात. आणि येथे चुकलेल्या शब्दाची किंमत तत्त्वचर्चेत मोजावी लागत नाही, ती शरीराने मोजावी लागते.

यासाठी भाषाविभागांनी वाङ्मयीन अनुवादाच्या जोडीला दुभाषेगिरीच्या शिक्षणाकडेही लक्ष द्यावयास हवे. त्या अभ्यासक्रमात शब्दकोश व व्याकरण यांबरोबरच रिवाज, शिष्टाचार, कायदा आणि वैद्यक यांतील बोलण्याच्या रीती यांना स्थान असावे. दुभाष्याचे नाव नोंदले जावे, त्याला प्रश्न विचारता यावेत, आणि ‘हा शब्द तिकडे नाही’ असे निर्भयपणे सांगण्याचा अधिकार त्यालाही असावा. ‘जीभ’ म्हणून वापरला गेलेला मनुष्य जेव्हा जबाबदार व्यक्ती म्हणून उभा राहील, तेव्हाच दोन भाषांमधील व्यवहार दोन्ही पक्षांच्या विश्वासास पात्र ठरेल.